एकाच स्टाफरूममधले चार पगार

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या माध्यमिक शाळेत मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डोकावून पाहा. टेबलाभोवती चौघे जण डबा उघडून बसलेले दिसतील. सकाळी चौघांनी एकाच हजेरीपटावर सही केलेली असते. तासिका जवळपास सारख्या, पेपर तपासायचे गठ्ठे सारखे, बी.एड.ची पदवीही सारखीच. वेगळा असतो तो पगार.

पहिले सर अनुदानित तुकडीवरचे, पूर्ण वेतनश्रेणीतले. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे माध्यमिक शाळेतल्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होतं. वर महागाई भत्ता आणि घरभाडं. शेजारचा तरुण शिक्षण सेवक आहे. त्याला तीन वर्षं महिना १८,००० रुपये मानधन. तिसऱ्या मॅडम ‘टप्पा अनुदाना’वरच्या तुकडीला शिकवतात. सरकारने त्यांच्या तुकडीला ४० टक्क्यांचा टप्पा दिला असेल, तर वेतनश्रेणीच्या ४० टक्केच रक्कम त्यांच्या खात्यात जमा होते. चौथे सर विनाअनुदानित तुकडीवर आहेत. संस्था जे हातावर टेकवेल तो त्यांचा पगार, आणि काही महिने तेही नाही.

शिक्षकांच्या पगारावर चावडीवर वाद रंगतो तेव्हा एक जण म्हणतो, ‘मास्तरांना फुकटचा पगार आहे.’ दुसरा म्हणतो, ‘मास्तरांचे हाल कुत्रा खात नाही.’ दोघांच्या डोळ्यांसमोर याच टेबलावरची वेगवेगळी माणसं असतात. म्हणून ‘शिक्षकांना पगार कमी का?’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणत्या शिक्षकाला?’ हे विचारावं लागतं. एकाच कामाचे चार भाव कसे पडले, हे कळलं की समाजाचा प्राधान्यक्रम कुठे घसरला तेही कळतं.

हा इतिहास पाहायला लांब जायची गरज नाही. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तोवर हा एकच मुलूख होता. महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या पगाराच्या कहाणीतलं जवळजवळ प्रत्येक वळण याच मुलखातल्या कुणा ना कुणाच्या हातून घडलं आहे.

कटगुण आणि टेंभू

महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. ते आपल्याला आठवतं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी. पण त्यात शिक्षकाच्या पगाराचाही रोखठोक हिशेब आहे. प्रशिक्षित शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये द्यावेत, असं त्यांनी सुचवलं. चांगला निकाल लावणाऱ्या मास्तराला पगाराखेरीज भत्ता द्यावा आणि गावच्या कारभारातली टपालासारखी काही कामं त्याच्याकडे सोपवावीत, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल, असंही त्यांचं म्हणणं होतं. पगार आणि पत या दोन गोष्टी एकमेकींना धरून चालतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

या मागणीमागचा युक्तिवाद आजही जुना वाटत नाही. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामातून, खर्च होतो तो मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, अशी फुल्यांची तक्रार होती. ज्याने कर भरला त्याच्या पोराच्या शाळेतला मास्तरच सर्वांत कमी पगाराचा का, हा त्यांचा सवाल होता. प्राधान्यक्रम चुकला आहे असं म्हणताना त्यांनी कुणाच्या भावनेला हात घातला नाही, जमाखर्चाची वही पुढे ठेवली.

त्याच सुमारास पुण्यात वेगळाच प्रयोग चालला होता. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर एम.ए. झाले. सरकारी नोकरीतला भरघोस पगार त्यांना सहज मिळाला असता. त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं की श्रीमंतीची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार. चिपळूणकर आणि टिळकांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते गेले; १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. आजीव सभासदांनी तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवायचं, अशी तिथली शिस्त होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना ७५ रुपयांवर ती पाळली.

या त्यागाच्या आरत्या आपण बऱ्याच गायल्या आहेत. पण पगार किती असावा, वाढवावा की नाही, सभासदाने बाहेर कमवावं की नाही, यावरून खुद्द या मंडळींत कडाक्याचं भांडण झालं. टिळक म्हणत, त्यागाचं व्रत घेतलं तर ते पुरतं पाळा. संसाराचा गाडा ओढणाऱ्या आगरकरांना ते झेपणारं नव्हतं. हा वाद आणि इतर मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. आगरकर १८९५ मध्ये गेले, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते आणि वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून वेगळे ठेवले होते, असं सांगतात. देशातल्या नामांकित कॉलेजच्या प्राचार्याची ही शिल्लक होती.

भाऊरावांचा हिशेब

तिसरी वाट कर्मवीर भाऊराव पाटलांची. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडलेला हा माणूस. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकलं, ही गोष्ट साताऱ्यातल्या पोरासोरांना ठाऊक आहे.

दागिने मोडण्याची गोष्ट सांगितली जाते तेवढी एक दुसरी गोष्ट सांगितली जात नाही. भाऊरावांनी शिक्षक तयार करण्याची व्यवस्था उभारली. १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज निघालं. खेड्यापाड्यांत व्हॉलंटरी शाळांचं जाळं विणलं गेलं ते तिथून बाहेर पडलेल्या मास्तरांच्या जोरावर. रयतेच्या सेवकांची स्वतःची सहकारी बँक उभी राहिली. कमी पगाराच्या मास्तराला अडीनडीला सावकाराच्या दारात जावं लागू नये, ही त्यामागची व्यवहारी समज. पुढे दोन्ही जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षकांच्या बँका निघाल्या. त्यांच्या निवडणुका किती ईर्ष्येने लढवल्या जातात ते इथल्या माणसाला सांगायला नको.

लोकांच्या त्यागावर शाळा सुरू होते, पण ती कायम चालवायला सरकारचा पैसा लागतो, हे भाऊरावांनी अनुभवातून जाणलं होतं. गांधीहत्येनंतरच्या काळात मुंबई सरकारने रयतेचं अनुदान थांबवलं, तेव्हा लोकांनी धान्य आणि पैसा दिला म्हणून संस्था तगली. तरीही अनुदान परत मिळावं म्हणून खटपट करावीच लागली. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला, असं सांगितलं जातं. १९५४ मध्ये कऱ्हाडला रयतेचं कॉलेज निघालं, ते गाडगे महाराजांच्याच नावाने.

सरकारने भार उचलला, मग खाली ठेवला

यानंतरची दोन-तीन दशकं शिक्षकाच्या दृष्टीने चढतीची होती. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फीमाफी मिळाली. ‘ईबीसी’ हे तीन अक्षरांचं नाव ग्रामीण घराघरांत पोचलं. मुलं वाढली, हायस्कुलं वाढली. खासगी संस्थांच्या शाळांतल्या पगाराचा भार सरकारने उचलला. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने नोकरीला संरक्षण दिलं. संस्थाचालकाची मर्जी फिरली म्हणून मास्तराला उद्यापासून येऊ नका म्हणणं अवघड झालं.

मग वळण आलं, तेही सांगलीहून. १९८३ मध्ये पद्माळ्याचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना सरकारने विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. तेव्हा आपली मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती. मिरजेहून सीमा हाकेच्या अंतरावर. ही मुलं आणि हा पैसा इथेच राहिला तर काय बिघडलं, असा साधा विचार होता. ग्रामीण भागात अभियांत्रिकीची दारं उघडली, हे त्या निर्णयाचं श्रेय नाकारता येत नाही. पण त्याबरोबर एक नवं सूत्र सरकारच्या हाती लागलं : परवानगी देता येते, पैसे न देताही.

पुढे हे सूत्र कॉलेजांतून शाळांत उतरलं. २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली. पदवी, प्रशिक्षण आणि काम पूर्ण वेळ शिक्षकाचं, पण पहिली तीन वर्षं वेतनश्रेणीऐवजी मानधन. पुढच्या वर्षी ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग परवानगीच्या कागदांवर दिसू लागला. शाळा काढा, पण अनुदान कधीही मागू नका. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ गेला, म्हणजे अनुदानाची आशा आली. पहिला २० टक्क्यांचा टप्पा मिळायला बहुतेकांना २०१६ उजाडलं. नंतरचे टप्पे आंदोलनाशिवाय सुटले नाहीत. जुलै २०२५ मध्येही पुढच्या टप्प्यासाठी शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानात भर पावसात बसलेले होते.

या काळात मास्तराच्या बोलीत एक वेगळा शब्दकोश तयार झाला आहे. मूल्यांकन, घोषित यादी, संचमान्यता, वैयक्तिक मान्यता, शालार्थ आयडी, वेतन पथक. यातला एक कागद अडला की पगार अडला. पंचविशीत लागलेला माणूस पहिला पूर्ण पगार पाहतो तेव्हा त्याची मुलं दहावीला आलेली असतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्या तारखेआधी नेमले गेलेले, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालेले शिक्षकही या कात्रीत सापडले.

शिक्षण सेवकाचं मानधन पाहा. प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये, हा दर सुमारे दहा वर्षं हलला नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कान उपटले तेव्हा २०२३ पासून तो १६,०००, १८,००० आणि २०,००० झाला. सहा हजारांचा रोज पडतो दोनशे रुपये. एवढ्या हजेरीवर ऊसतोडीलाही कुणी कोयता उचलणार नाही. आजचे सोळा हजार धरले तरी रोज साडेपाचशेच्या आतच जातो, आणि चांगल्या गवंड्याची हजेरी याहून जास्त असते. गवंड्याला जास्त मिळू नये असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की डी.एड., टीईटी, टेट अशा चाळण्यांतून निवडून आणलेल्या माणसाला आपण त्याच्या खाली का ठेवतो?

पगाराला नावाची फरशी नसते

लोक कंजूष आहेत असं उत्तर इथे तरी चालणार नाही. हा मुलूख देणारा आहे. यात्रेची वर्गणी बघता बघता गोळा होते, मंदिराच्या जीर्णोद्धाराला माणसं रांगेने पावत्या फाडतात. कुस्तीच्या मैदानात लाखांच्या जोडी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींचा मार्ग पक्का केल्यापासून बक्षिसांत मोटारसायकली आणि चारचाकीही आल्या. शाळेलाही लोक देतात : खोली बांधून देतात, रंग देतात, टीव्ही संच बसवतात, पिण्याच्या पाण्याची टाकी देतात.

या यादीत पगार नाही. खोलीला फरशी लावता येते, तिच्यावर आजोबांचं नाव कोरता येतं, आमदारांच्या हस्ते फीत कापता येते. पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याचं उद्घाटन होत नाही. जे गावाचं तेच सरकारचं. इमारत हा एकदाच होणारा खर्च, पगार हा कायमचा बोजा, अशी वित्त विभागाची नजर. काटकसर करायची वेळ आली की पहिला हात तिथेच जातो.

दुसरं कारण अर्थशास्त्रातलं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात ते मांडलं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात शंभर वर्षांपूर्वी एक कामगार दिवसाला जेवढं काम काढी, त्याच्या कितीतरी पट काम आज यंत्रांच्या साहाय्याने निघतं. म्हणून कामगाराचा पगार वाढला तरी नगामागचा खर्च वाढत नाही. चाळीस पोरांच्या वर्गाला अपूर्णांक समजवायला मात्र तेव्हा जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. इतर क्षेत्रांतले पगार वाढले की शिक्षकाचाही वाढवावा लागतो, नाहीतर माणसं टिकत नाहीत. पण त्याच्या हातून ‘उत्पादन’ वाढलेलं दिसत नाही. त्यामुळे शिक्षण दरवर्षी महाग होतंय असं वाटत राहतं, आणि मानधन, कंत्राट, तासिका तत्त्व अशा पळवाटा शोधल्या जातात.

तिसरं कारण फळाच्या वेळेचं आणि मालकीचं. पहिलीच्या बाईंनी नीट वाचायला शिकवलं त्याचा फायदा पंधरा-वीस वर्षांनी दिसतो, तोही पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या कुठल्या तरी कंपनीला. निवडणूक दर पाच वर्षांनी येते. उलट ‘नीट’ आणि ‘जेईई’च्या क्लासचं फळ दोन वर्षांत गुणपत्रिकेवर छापून येतं. म्हणून कर्ज काढून लाखाची फी भरणारा बाप आपल्याच गावातल्या शाळेत गणिताचं पद वर्षभर रिकामं आहे याची चौकशी करत नाही.

आणि चौथं कारण म्हणजे उमेदवारांची रांग. दोन हजारच्या दशकात डी.एड. आणि बी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं. भरती थांबली, पण पदव्या छापल्या जात राहिल्या. एका जागेमागे शेकडो अर्ज असले की पगार वाढवण्याची गरज कुणालाच वाटत नाही. पुढे डी.एड. कॉलेजंच ओस पडू लागली. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलाने ही वाट सोडली, हे त्याचं सरळ उत्तर होतं.

पगार वाढवला की मुलं शिकतात का?

याचं उत्तर सरळ ‘हो’ नाही. इंडोनेशियाने कामावर असलेल्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला. संशोधकांनी काही वर्षं तुलना करून पाहिली, तेव्हा शिक्षक समाधानी झाले, त्यांची कर्जं कमी झाली, जोडधंदे घटले, पण मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. आंध्र प्रदेशातल्या अभ्यासात कमी पगाराचे कंत्राटी शिक्षक कायम शिक्षकांपेक्षा मुलांना कमी शिकवतात असं आढळलं नाही. वेतनश्रेणीतल्या प्रत्येकाचा पगार आणखी वाढवा, अशी मागणी करणाऱ्यांना हे पुरावे अडचणीचे आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण हे अभ्यास काय सांगतात ते नेमकं पाहायला हवं. आज कामावर असलेल्या माणसाचा पगार वाढवला तर उद्या काय होतं, एवढंच ते मोजतात. वीस वर्षं पगार अनिश्चित ठेवला तर या पेशाकडे कोण वळतं आणि कोण पाठ फिरवतं, हे त्यांतून कळत नाही. फिनलंडमध्ये पगार काही डोळे दिपवणारा नाही, पण तिथे वर्गशिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते, निवड कडक असते, आणि नेमला गेलेला शिक्षक आपल्याला कधी पगार सुरू होईल याची वाट पाहत बसत नाही. आपल्याकडे रकमेइतकीच जखम आहे ती अनिश्चिततेची. कंत्राटी माणूस आज जीव तोडून शिकवतो, कारण उद्या कायम होण्याची आशा असते. ती आशा पंधरा वर्षं ताणली की तीच गोष्ट माणसाला पोखरते.

आगरकरांनी सरकारी नोकरी नाकारून कमी पगार पत्करला, लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या हाताने दागिने काढून दिले. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय होता, म्हणून त्याला त्याग म्हणायचं. जत किंवा पाटणच्या कोपऱ्यातल्या विनाअनुदानित शिक्षकापुढे पर्याय नाही. त्याच्याकडून परस्पर वसूल केलेल्या रकमेला त्याग म्हणून ५ सप्टेंबरला त्याच्या गळ्यात हार घालणं ही शुद्ध फसवणूक आहे. फुल्यांनी मागितला होता तो दर आणि पत. हार त्यांच्या यादीत नव्हता.

करता येण्यासारखं फार अवघडही नाही. नवी शाळा किंवा तुकडी मंजूर करतानाच तिचा पगार कोण, कधीपासून, किती देणार याची तारीख कागदावर लिहिली जावी. ती पाळता येत नसेल तर परवानगीच देऊ नये. शिक्षण सेवकाची तीन वर्षांची उमेदवारी एका वर्षावर आणावी आणि मानधन महागाई भत्त्याला बांधावं, म्हणजे दर दहा वर्षांनी न्यायालयात जावं लागणार नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. तो आकडा प्रत्येक धोरणात छापला जातो आणि आजवर गाठलेला नाही.

हे सरकारचं झालं. पालकाच्या हातातही एक गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालकांचं बहुमत असतं. तिच्या बैठकीत सहसा पोषण आहार, गणवेश आणि स्वच्छतागृहावर बोलणं होतं. पुढच्या बैठकीत एक विषय वाढवावा : आपल्या शाळेत मंजूर पदं किती, भरलेली किती, कोण कोणत्या पगारावर आणि किती वर्षांपासून. हा तक्ता शाळेच्या फलकावर खडूने लिहायला दहा मिनिटं पुरतात. आपल्या पोराला गणित शिकवणाऱ्या माणसाला महिन्याला काय मिळतं हे गावाला एकदा कळलं, की पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला काय विचारायचं ते गावाला कुणी शिकवावं लागणार नाही.